गाईसारखा मासा

नीळकंठराव वकिलांच्या ओसरीवर येणाऱ्या पक्षकाराला आधी माशांची खुशाली विचारावी लागे, मग आपल्या खटल्याचं तोंड उघडता येई. असा नियम कुणी केला नव्हता. पण यवतमाळच्या कोर्टात ज्याला नीळकंठरावच वकील हवे असत, त्याला तो आपोआप कळे. नेरचा एक शहाणा आल्या आल्या सातबाराबद्दल बोलू लागला, तर वकिलांनी त्याला अर्धा तास काचेसमोर उभं करून पाणवनस्पतींची नावं ऐकवली. पुढच्या खेपेला तो म्हणे घरून पाठ करून आला.

काचेची ती पेटी त्यांनी नागपूरहून आणली होती, महाराष्ट्र झाला त्याच वर्षी. समोरच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीत, येणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी ठेवली होती. तळाला वाळू, वाळूत रोवलेली पट्टीसारख्या लांब पानांची झाडं, मधोमध दगडांची कपार आणि वर फिरणारे लहान लाल मासे. पहिले काही महिने दृष्ट लागावी असं दिसत होतं. मग शेवाळ आलं. आधी काचेवर हिरवा धुरळा बसल्यासारखा, मग मखमलीसारखा जाड. पुढे पानांच्या कडांना काळे केस फुटले. लाल मासे हिरव्या अंधारात निखाऱ्यासारखे क्षणभर दिसत आणि विझत.

घाटंजीकडच्या तांड्यावरचा हिरासिंग हे सगळं पहिल्या दिवसापासून बघत आला होता. त्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. तो आता कापूस-ज्वारी करत होता, पण माल आणि माणूस बघताक्षणी जोखायची खोड रक्तात उरली होती. त्याने पेटी जोखली होती. सकाळचं ऊन थेट काचेवर पडतं. आणि वकीलसाहेबांच्या पत्नी रत्नप्रभाबाई दोन्ही वेळा कणकेच्या गोळ्या टाकतात, त्या निम्म्या तळाला जाऊन कुजतात. एकादशीला तर साबुदाणा.

"आमच्या घरातले मासे आहेत," बाई म्हणायच्या. "त्यांनी दुसऱ्या माशाला तोंड लावलेलं मी तरी पाहिलं नाही."

ऊन आणि कणीक. दुसरं कारण शोधायची गरज नव्हती. पण वकिलाला शेवाळाचं कारण सांगायला हिरासिंग आला नव्हता. त्याचा भाऊ तुरुंगात होता.

भीमसिंगची गोष्ट अशी. घाटंजीच्या बाजारात बैलांच्या सौद्यावरून झोंबाझोंबी झाली आणि कुणीतरी एका दलालाच्या डोक्यात काठी घातली. मारणारे पळाले. भीमसिंग पडलेल्या माणसाला उचलायला वाकला, रक्ताने भरला आणि उचलणारा म्हणून नव्हे, मारणारा म्हणून धरला गेला. दलाल जगला, पण त्याची वाचा गेली. आता सगळं एका साक्षीदारावर होतं. बाजारातला एक कापडवाला छातीवर हात ठेवून सांगत होता की, दुकानात बसल्या जागेवरून मी भीमसिंगला काठी मारताना पाहिलं.

नीळकंठराव स्वतः घाटंजीला जाऊन दुकानाची जागा बघून आले होते. परतल्यावर त्यांनी हिरासिंगला जवळ बसवलं. तो त्यांचा चांगला दिवस होता.

"कापडवाला खोटं बोलतो," ते म्हणाले. "त्याच्या दुकानाला मावळतीकडून ऊन लागतं. दुपारनंतर रंगीत कापड उन्हात कोण ठेवील? तो त्या बाजूला पाल बांधतोच. आणि बैलबाजार त्याच बाजूला आहे. पालाआडून त्याला दिसलं काय, कपाळ?"

"मग इचारा न साहेब त्याले, पाल होतं का म्हून."

"असं विचारलं की तो नाही म्हणेल. त्याला आधी धंद्याचं विचारायचं. माल कुठून आणतोस, लुगडी किती दिवस ठेवतोस, रंग उडतो का. धंद्याचं बोलताना माणूस फुशारतो. उन्हापासून माल कसा जपतो ते तो आपल्या तोंडाने सांगेल. सांगून झाल्यावर त्याला कळेल आपण काय सांगितलं ते."

हिरासिंगच्या अंगावर काटा आला. या माणसाने आपल्यालाच कधी असं विचारलं तर, हा विचार त्याच्या मनात तेव्हाच येऊन गेला. दुसराही एक विचार आला आणि त्याचं त्याला हसू आलं. ज्याला दहा कोसांवरच्या दुकानातलं ऊन दिसतं, त्याला घरच्या खिडकीतलं दिसत नाही.

वकिलांचा आणखी एक नियम होता, तो मात्र ते प्रत्येकाला बजावून सांगत. "कोर्टात काय सांगायचं ते मी ठरवीन. मला खरं सांगायचं. माझ्याशी खोटं बोललास की कागद परत." आणि ते परत करत. एका बड्या मालगुजाराचे कागद त्यांनी ऐन सुनावणीत परत केले होते, तो पुढे बुडाला. ओसरीवर ही कथा नव्या माणसाला चहाआधी ऐकायला मिळे.

खटल्याची तारीख आली तेव्हा वकील नागपुरात होते, झाडं आणायला. तारीख पुढे गेली. दुसऱ्या वेळी शेवाळावर कुठलंसं औषध टाकून पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं आणि वकिलांना रात्रभर झोप नव्हती. तीही पुढे गेली. न्यायाधीश म्हणाले, आता पुढच्या वेळी साक्षीदार तपासला जाईलच.

तांड्यावर भीमसिंगची बायको मानीबाई रोज एकच विचारायची. "भिया, वकील काय म्हणे?"

"शेवाळ लय झालं म्हणे."

"मी तुमच्या भावाचं इचारून राह्यली."

"त्याचंच सांगून राह्यलो, माय. ते शेवाळ गेल्याबिगर तुया नवऱ्याचं काई खरं नाई."

असं ते सरळ होतं. म्हणून त्या दिवशी वकील काचेवर बोट फिरवत म्हणाले, "हिरासिंग, एका पुस्तकात वाचलं. तळाशी राहणारा मासा हवा. खालचं पडलेलं सगळं खातो, घाण उरत नाही आणि शेवाळाला काही मिळत नाही. तुमच्याकडे नदीत असतो का असा?" तेव्हा हिरासिंगने विचारही केला नाही.

"असते न साहेब. आणतो."

"तळ सोडत नाही ना?"

"चिखलातच राह्यते."

"इतरांना त्रास?"

इथे हिरासिंग क्षणभर थांबला. वाघाडीच्या डोहात तळाशी राहणारे मासे त्याला माहीत होते. वाळूत तोंड खुपसून राहणारी बोटाएवढी मुरी होती, ती कुणालाच काही करत नसे. पण मुरी दिसते केवढी? वकिलांना काय, बोटभर किडा नेऊन द्यायचा? मोठा, काळा, मिशांचा आणि पेटीत उठून दिसेल असा मासा म्हणजे शिंगी.

"गाईसारखा हाय साहेब," तो म्हणाला. "एकदम गरीब."

"चावतबिवत?"

"छ्या."

शिंगी चावत नाही, ते खरंच होतं. तेवढ्या खऱ्याच्या आधारावर त्याने ते वाक्य उभं केलं.

शिंगीच्या दोन्ही कल्ल्यांमागे एकेक काटा असतो. बाभळीच्या काट्याएवढाच, पण त्यात विष. डोहावरचा भोई जाळ्यातून शिंगी काढतो ती हाताला फडकं गुंडाळून, आणि गिऱ्हाइकाला देण्याआधी दोन्ही काटे कटकन मोडतो. त्याने मोडायला हात घातला, तसा हिरासिंगने त्याचं मनगट धरलं.

"मोडू नको."

"काहून? खायाचं नाई का?"

"वकिलाले द्याचं हाय."

भोई त्याच्याकडे बघत राहिला. हिरासिंगलाही नीट सांगता आलं नसतं. तांड्यावर मरियामायला बकरा देतात तो शिंगमोडका चालत नाही, कान फाटका चालत नाही, पायात लंगडेपण चालत नाही. मोठ्याकडे काही मागायला जायचं तर अंगाने धड ते द्यायचं. मोडकं दिलं तर काम मोडकं होतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पाणी प्यायला तरी कोण शिकवतं. त्याने मडक्यात ओलं शेवाळ भरलं, शिंगी आत सोडली आणि मडकं मांडीवर घेऊन यवतमाळच्या मोटारीत बसला.

वकील हरखले. शिंगी पेटीत पडली आणि दगडांच्या कपारीत अशी शिरली की जणू तिची जागा तिथे आधीपासून राखून ठेवली होती. फक्त मिशा बाहेर. मधूनच ती सरळ वर यायची, हवेचा एक घोट घ्यायची आणि परत खाली जायची.

"नमस्कार करते बघा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि तिच्यासाठी कणकेची मोठी गोळी टाकली. ती तळाला गेली, मिशांनी तिला हुंगलं आणि तिथेच सोडून दिलं.

"लाजतेय अजून," वकील म्हणाले.

पुढच्या खेपेला लाल मासे कमी दिसले. शेवाळामागे असतील, असं वकील म्हणाले. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी कमी. शेवाळ मात्र होतं तसंच, उलट दाट. शिंगी मात्र अंगाने भरली होती, पाठीवर तेल लावल्यासारखी चमक आली होती.

"कणीक मानवली तिला," बाई म्हणाल्या.

"लाल मासे कुठे जातात पण?" वकिलांनी विचारलं. ते हिरासिंगकडे बघत नव्हते, काचेकडे बघत होते. तरी हिरासिंगने घाईने उत्तर दिलं.

"मांजर असंन साहेब."

"झाकण असतं रे."

"मांजराचं काई सांगता येत नाई."

कामवालीचं मांजर त्या आठवड्यात पोत्यात घालून गोधनी रोडच्या पलीकडे सोडण्यात आलं. तिने दोन दिवस जेवण घेतलं नाही. हिरासिंगने हेही आपल्या नावावर मांडून ठेवलं. त्याचा हिशेब साधा होता. साक्षीदार एकदा तपासून होऊ दे. मग आपण म्हणायचं, साहेब, ही शिंगी म्हातारी झाली, दुसरी आणतो. फडक्यात धरायची, मडक्यात घालायची आणि मुरी आणून सोडायची. तोवर कुणी पेटीत हात घालायला नको. हात कोण घालतो? बाई वरूनच गोळ्या टाकतात. वकील एका लांब काडीने झाडं सारखी करतात.

तारखेच्या आदल्या दिवशी तो शेवटच्या मोटारीने आला आणि ओसरीवर झोपला. सकाळी उठला तर समोरच्या खोलीत पेटीपाशी वकील बनियनवर उभे. काळा कोट खुंटीला टांगलेला. जवळ त्यांचा जुनिअर नरहर कागदांचा गठ्ठा छातीशी धरून. नरहर हुशार मुलगा, फक्त त्याला प्रत्येक प्रश्न सरळ विचारायची घाई असे.

"प्रश्न लिहून देता का मला?" नरहर म्हणत होता. "तुम्ही विचारताना मी मागे टिपत जाईन."

"मी कधी लिहिलेत?" वकील म्हणाले. "लिहिलेला प्रश्न साक्षीदाराला आधी दिसतो. ये हिरासिंग. आज आपला दिवस. मोठ्या उलटतपासणीआधी मला काच स्वच्छ करायची सवय झाली आहे. तेवढा वेळ डोकं शांत राहतं."

त्यांच्या हातात घोसाळ्याची वाळलेली जाळी होती.

"काडीनं करता न साहेब तुमी," हिरासिंग म्हणाला.

"काडीने हे निघत नाही आता."

त्यांनी झाकण काढलं. पूर्वेचं ऊन हिरव्या काचेतून त्यांच्या हातावर पडलं होतं आणि तो हात एखाद्या बुडालेल्या माणसाचा असावा तसा दिसत होता. हिरासिंगने कपारीकडे पाहिलं. मिशा दिसल्या नाहीत. तळ बघितला, दिसला नाही. शेवाळाने काही दिसायची सोयच ठेवली नव्हती.

"साहेब."

हात मनगटापर्यंत पाण्यात गेला.

"काय रे?"

आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? गाईसारखा म्हटलं ते खोटं होतं. मांजर म्हटलं ते खोटं होतं. वकील हात बाहेर काढतील, पुसतील आणि नरहरला म्हणतील, याचे कागद दे. आज. साक्षीदार कोर्टाच्या पायरीवर बसला असताना. आणि न सांगितलं तर? शिंगी कपारीच्या मागे असेल. दिवसा ती हलत नाही. नव्वद हिश्श्यांनी ती हलणार नाही. त्याच्या जातीने याहून वाईट सौदे केले होते.

"काई नाई," तो म्हणाला.

"मग गप उभा राहा." वकील काच घासू लागले. हिरव्यातून एक स्वच्छ पट्टा उघडला. त्यातून पलीकडची भिंत दिसली, खुंटीवरचा कोट दिसला. वकील खूश झाले आणि खालचा कोपरा घासायला त्यांनी हात कोपरापर्यंत आत घातला.

ते ओरडले नाहीत. फक्त एक मोठा श्वास आत घेतला आणि तो परत सोडलाच नाही असं वाटलं. हात बाहेर आला तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी लाल टिपका होता, सुई टोचल्याएवढा. पाणी पुन्हा हिरवं आणि निवांत झालं.

"काच लागली का?" नरहरने विचारलं.

वकिलांनी दुसऱ्या हाताने मनगट आवळून धरलं. नरहरने हाक मारली तशा बाई धावत आल्या. हळद लावली, मग कढत पाणी, मग डॉक्टर. तोवर हात खांद्यापर्यंत सुजला होता आणि बगलेत गाठ आली होती. काळा कोट त्या हातात चढणं शक्य नव्हतं. ओकारी झाली. थंडी भरली. कोर्टाची वेळ झाली तेव्हा वकील भिंतीकडे तोंड करून दातांत चादर धरून पडले होते.

न्यायाधीशांनी तारीख दिली नाही. दोनदा दिली आहे, ते म्हणाले. साक्षीदार लांबून येतो. जुनिअर आहेत, त्यांनी तपासावं.

हिरासिंग नरहरच्या मागे वाकला. "साहेब, धंद्याचं इचारा. लुगड्याचं. रंगाचं."

"कोर्टात लुगड्याचं?"

"मग पालाचं येते ते. मंग येते."

"पाल? हो, पाल. आठवलं." नरहर उभा राहिला. आवाज खणखणीत होता. "त्या दिवशी तुमच्या दुकानाला मावळतीकडे पाल बांधलेलं होतं, त्यामुळे तुम्हाला बैलबाजार दिसणं शक्य नव्हतं. खरं की नाही?"

कापडवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. मग न्यायाधीशांकडे. त्याच्या डोळ्यांत काहीतरी सावकाश जागं झालं.

"पाल त्या दिवशी बांधलंच नव्हतं," तो म्हणाला. "वारा होता."

आरोपीच्या पिंजऱ्यात भीमसिंग उभा होता. त्याला कोर्टातलं मराठी फारसं समजत नव्हतं. नरहरचा आवाज मोठा होता म्हणून आपलं बरं चाललंय असं त्याला वाटलं असावं. तो गर्दीत हिरासिंगला शोधून हसला.

त्याला सात वर्षांची सजा झाली.

निकालानंतर हिरासिंग वकिलांकडे गेला. अपिलाची मुदत सुरू झाली होती. ओसरीवर कुणी नव्हतं. खिडकीला आता जाड पडदा होता. पेटीतलं पाणी स्वच्छ होतं, काच लखलखीत. पानांवर नवे हिरवे कोंब. आत एकच मासा होता. शिंगी कपारीतून बाहेर, वाळूवर उघडी बसली होती.

नीळकंठराव आरामखुर्चीत होते. उजवा हात गळ्यात बांधलेला, बोटं अजून जांभळी.

"बस," ते म्हणाले. "शेवाळ गेलं बघ. पडून पडून खिडकीकडेच तोंड होतं माझं. ऊन दिसलं. गोळ्याही बंद केल्या. अपील करायचं ना नागपूरला?"

"हाव साहेब. तुमीच करा."

"करू. तुझा मासा कुठला म्हणालास?"

"घाटंजीजवळचा. वाघाडीचा."

"भोई तुमच्या ओळखीचे?"

"हाव न. चांगले लोक हायेत."

"जाळं टाकतात की गळ?"

"जाळंच, साहेब. तिथले भोई लय तयार. हातानंच वळतात जाळी." तो मोकळा झाला होता. वकील हसून ऐकत होते.

"मग हा जाळ्यात गुंतला की सोडवायचा कसा? निसटत असेल."

"निसटते न. म्हून फडकं गुंडाळतात हाताले अन् मंग काटे..."

तो थांबला. बाहेर रस्त्यावरून सायकल गेली, तिची घंटी ऐकू आली.

"मग काटे काय?"

"मोडतात."

"सगळ्यांचे?"

"सगळ्याईचे."

"हिचे दोन्ही आहेत. मी भिंग लावून पाहिलंय." वकिलांचा आवाज चढला नव्हता. "कोणी मोडू नको म्हणालं?"

हिरासिंग पेटीकडे बघत राहिला. शिंगी वर आली, हवेचा घोट घेतला, खाली गेली.

"तुमाले द्याची होती साहेब," तो म्हणाला. "मोडक्या शिंगाचं कसं द्याव?"

नीळकंठरावांनीही पेटीकडे पाहिलं. त्यांना हे कळलं. हिरासिंगला दिसलं की त्यांना अगदी पुरतं कळलं.

"त्या सकाळी तू हाक मारलीस मला," ते म्हणाले.

"हाव."

"नरहर," वकिलांनी आत आवाज दिला. "याचे कागद दे बाबा."

घाटंजीच्या मोटारीत तो गठ्ठा त्याने मांडीवर धरला, मडकं धरलं होतं तसाच. तांड्यावर पोचला तेव्हा मानीबाई कुडाच्या दारात होती. तिने आधी त्याच्या हातातले कागद पाहिले आणि तिचा चेहरा उजळला. कागद आले म्हणजे काम पुढे गेलं, असं ती समजली.

"भिया, वकील काय म्हणे?"

"अपील करू म्हणे."

"त्याईचा हात?"

"बरा हाय."

"मी सांगतलं होतं तुमाले, माणूस देव हाय." ती आत गेली आणि दावं धरून एक बकरा घेऊन आली. काळाभोर, अजून पुरता वाढायचा होता. "मरियामायले बोलली मी. तुमचा भाऊ सुटून आला का द्याचा. तवरोक कोनाले हात लावू देनार नाई."

तिने बकऱ्याचं तोंड वर करून हिरासिंगपुढे धरलं.

"पाहा न, भिया. शिंगं पाहा. कुटं खोट नाई."

हिरासिंगने कागद काखेत धरले आणि दोन्ही शिंगांवरून, बुडापासून टोकापर्यंत, सावकाश हात फिरवला.

"नाई," तो म्हणाला. "कुटंच नाई."